तीन फितींचे मोल

पेठेहून सांगलीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचे आष्टा लागते. कृष्णाकाठची काळी जमीन, ऊस, हळद, आणि गल्लीगल्लीत एखाद-दुसरे फौजेचे घर. गाव होते तिथेच आहे. जिल्हे मात्र बदलत गेले. आधी सातारा, १९४९ मध्ये दक्षिण सातारा, आणि १९६० पासून सांगली. पण फौजेची ओढ जुन्या साताऱ्याचीच. त्या साताऱ्यात अपशिंग्यासारखे गाव आहे, ज्याच्या नावापुढे लोकांनी 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडून टाकला आहे.

आमच्या या भागात एक गमतीची रीत आहे. फौजेतून आलेल्या माणसाचे नाव हळूहळू मागे पडते आणि त्याचा हुद्दा हेच त्याचे नाव होऊन बसते. 'हवालदाराच्या बोळात', 'सुभेदारांच्या विहिरीवर', 'कॅप्टनच्या वाड्याशेजारी' असे पत्ते सांगितले जातात. कॅप्टन म्हणजे बहुधा निवृत्तीच्या सुमारास सव्वीस जानेवारीला किंवा पंधरा ऑगस्टला मानाची कॅप्टनकी मिळालेले सुभेदार मेजर असतात; पण गाव तो तपशील विचारीत नाही. त्यांच्या घरधनिणीही सुभेदारीण काकू होतात, आणि लग्नपत्रिकेत नावाआधी हुद्दा छापायचा राहिला तर रुसवेफुगवे होतात ते निराळेच.

असा हा हुद्दा. माणसाच्या अंगाला चिकटून बसलेला. मग मनात एक प्रश्न येतो. हा माणूस एका दलातून दुसऱ्या दलात गेला, किंवा त्याच फौजेत एक काम सोडून दुसरे काम करू लागला, तर हा हुद्दा त्याच्याबरोबर जातो का? की तो दारातच काढून ठेवावा लागतो?

प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही. त्यावर कित्येक घरांतली मने आणि महिन्याचे हिशेब अडून बसलेले असतात.

मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा आधी शब्दापासून सुरुवात करतो. 'नाईक' आणि 'हवालदार' हे शब्द इंग्रजांनी आणले नाहीत. ते आपल्याकडे आधीच होते. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदांनी जिंजीला जी बखर लिहिली, तीत शिवछत्रपतींच्या लष्कराची रचना दिली आहे. पायदळात दहा माणसांमागे एक नाईक, आणि पाच नाइकांवर एक हवालदार. म्हणजे पायदळाच्या हवालदाराच्या हाताखाली सुमारे पन्नास माणसे. घोडदळात मात्र पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. शब्द एकच, पण एकाकडे पन्नास माणसे आणि दुसऱ्याकडे पंचवीस घोडेस्वार. वरच्या पायरीवर हा फरक अधिक उघड होतो. घोडदळाच्या जुमलेदाराला सालीना पाचशे होन, तर पायदळाच्या जुमलेदाराला शंभर. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही एखादा पायदळाचा जुमलेदार उठून घोडदळात गेला असता आणि 'मी जुमलेदारच राहणार' म्हणाला असता, तर दरबारात त्याला कोणी तरी हळूच विचारले असते, "कुठला जुमलेदार?"

हाच प्रश्न आजही विचारला जातो. फक्त तो छापील अर्जावर असतो.

आज आपल्या तिन्ही सैन्यदलांत हुद्द्यांची बरोबरी ठरवून दिलेली आहे. भूदलातला हवालदार, नौदलातला पेटी ऑफिसर आणि हवाई दलातला सार्जंट हे एका पायरीवरचे. भूदलातला नायब सुभेदार (१९६५ पर्यंत यालाच जमादार म्हणत) म्हणजे नौदलातला चीफ पेटी ऑफिसर आणि हवाई दलातला ज्युनियर वॉरंट ऑफिसर. अधिकाऱ्यांत तर नावांचा घोळ पुष्कळांना फसवतो. भूदलातला कॅप्टन हा तसा तरुण अधिकारी. नौदलातला कॅप्टन मात्र भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. एकाच लग्नात दोन कॅप्टन भेटले तर कोणाला आधी नमस्कार करावा, हे केवळ 'कॅप्टन' या शब्दावरून कळायचे नाही. नौदलातून माणसे आणि जहाजे घेऊन १९७७–७८ मध्ये तटरक्षक दल उभे राहिले, तेव्हा तिथे नाविक, उत्तम नाविक, प्रधान नाविक अशी आणखी एक निराळी शिडी तयार झाली.

ही बरोबरी कशासाठी? सलाम कोणी कोणाला करायचा, बैठकीत कोण कुठे बसायचे, पगार-भत्ते कसे ठरवायचे यासाठी. एकाचे काम दुसऱ्याने करावे यासाठी ती नाही. इंजिनाच्या खोलीत वीस वर्षे काढलेला पेटी ऑफिसर हवालदाराच्या तोडीचा खरा; पण म्हणून उद्या त्याला दहा जवान देऊन डोंगरावर पाठवता येत नाही. २०१० मध्ये सचिन तेंडुलकरला हवाई दलाने मानाचा ग्रुप कॅप्टन केले. आपल्या सर्वांनाच आनंद झाला. पण त्याला कोणी लढाऊ विमानांची तुकडी सांभाळायला दिली नाही, आणि त्यानेही ती मागितली नाही. मान, पगार आणि काम या तीन गोष्टी एकाच हुद्द्याच्या पोटात राहतात. घर बदलायची वेळ आली की त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हुद्दा केव्हा टिकतो आणि केव्हा जातो?

ढोबळ मानाने सांगायचे तर सरकार माणसाला हलवते तेव्हा हुद्दा टिकतो. १९८६ च्या नोव्हेंबरात भूदलाची स्वतंत्र विमानशाखा झाली. त्याआधी तोफखान्यातले अधिकारीच छोटी विमाने उडवून तोफांना लक्ष्य दाखवीत. शाखा निराळी झाली, पण मेजर हा मेजरच राहिला. आकाशात उडतो म्हणून तो स्क्वाड्रन लीडर झाला नाही आणि घर बदलले म्हणून लेफ्टनंटही झाला नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची १९८५ मध्ये उभारलेली एकविसावी पलटण १९९६ मध्ये पॅराशूट रेजिमेंटच्या विशेष दलात गेली. पलटण पलटण म्हणून गेली. टोपीचा रंग बदलला, कसोट्या नव्याने द्याव्या लागल्या. पण वाटचाल पुसली गेली नाही.

दुसरा प्रकार उसनवारीचा. १९९० मध्ये राष्ट्रीय रायफल्स हे दल उभे राहिले. यात माणसे पायदळातून येतात, तशी तोफखान्यातून, सिग्नलमधून, रसद खात्यातूनही येतात. वायरलेसवर बसणारा नायक काही वर्षे जंगलात गस्त घालतो आणि मुदत संपली की आपल्या मूळ घरी परत जातो. फीत जाताना तीच, येताना तीच. जखमी होऊन हलक्या कामावर आलेल्या जवानाचीही फीत केवळ काम बदलले म्हणून कोणी उतरवत नाही.

पण माणूस आपल्या इच्छेने एक दार सोडून दुसऱ्या दाराशी गेला, की हिशेब बदलतो.

याचे आमच्या भागातले नेहमीचे उदाहरण म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. लोकांच्या बोलण्यात 'डीएससी'. संरक्षण खात्याचे कारखाने, दारूगोळ्याचे डेपो, विमानतळ, गोद्या यांच्या राखणीसाठी १९४७ मध्ये हे दल उभे राहिले. त्याचे केंद्र केरळात कण्णूरला आहे. यात मुख्यतः फौजेतून निवृत्त झालेलेच जवान पुन्हा भरती होतात. आणि अट अशी, की आधी तुम्ही नाईक असा की हवालदार असा, पुन्हा भरती व्हायचे ते शिपाई म्हणून.

आमच्या गल्लीत अगदी माझ्या वयाचा एक हवालदार आहे. चोवीस वर्षांची नोकरी करून आला तेव्हा पंचेचाळिशीही उलटली नव्हती. अंगात रग, घरात दोन शिकणारी मुले, शेती म्हणावी तर दीड एकर. एका रविवारी तो हा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. अर्ज त्याने वाचलेला होता. तरी तो मी वाचून दाखवावा अशी त्याची इच्छा होती. काही ओळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्या म्हणजेच खऱ्या वाटतात.

मी वाचले. "हुद्दा, शिपाई."

तो म्हणाला, "म्हंजे सर, चोवीस वर्सं मोजायचीच न्हाईत?"

पाठोपाठ त्याचे वडील आले. हेही मराठा पलटणीतून नाईक होऊन आलेले. आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि बसायच्या आधीच निकाल दिला. "फीत काढून पुन्हा शिपाई? त्यापरीस ऊस तोडलेला बरा. गावात काय सांगायचं? पोराचा हुद्दा गेला म्हणून?"

फौजेत चांगल्या माणसाची फीत जाते ती शिक्षा म्हणून, हे आबांच्या पिढीच्या हाडीमासी खिळलेले. त्यामुळे शिक्षा नसताना फीत उतरते ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरेना. मुलगाही खाली मान घालून बसला.

मी त्यांना माझ्या परीने कारण सांगितले. ते वाचकांनाही सांगतो, कारण यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नाही. हेतू यादी सांभाळण्याचा आहे. प्रत्येक दलात ज्येष्ठतेची एक यादी असते. वरची जागा रिकामी झाली की खालचा एक वर सरकतो. डीएससीत आठ-दहा वर्षे रखवाली केलेला शिपाई नाईक होण्याची वाट पाहत उभा आहे. उद्या बाहेरून दहा हवालदार आपापल्या फिती घेऊन आले, तर त्या शिपायाची पाळी यायची केव्हा? म्हणून नव्या माणसाने रांगेच्या शेवटी उभे राहायचे. पुढे तिथेही परीक्षा आणि जागा यांप्रमाणे नाईक, हवालदार होता येते.

हा न्याय फौजेपुरता आहे असेही नाही. आपल्या जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आपल्या विनंतीवरून बदलून येतात, तेव्हा पगार चालू राहतो. पण नव्या जिल्ह्याच्या ज्येष्ठतेच्या यादीत त्यांचे नाव तळाला लागते. पंधरा वर्षे शिकवलेल्या गुरुजींच्या आधी पाच वर्षांचे गुरुजी मुख्याध्यापक होतात. आई-वडिलांजवळ राहायला मिळाले, ही त्याची किंमत. मी स्वतः आईच्या दुखण्यामुळे एक महाविद्यालय सोडून इकडे आलो, तेव्हा माझेही नाव असेच खाली गेले. पहिले वर्षभर प्राध्यापकांच्या खोलीत दाराजवळची खुर्ची माझी होती. खुर्ची लाकडाचीच होती. पण टोचायची खरी.

एवढे सांगून मी आबांना आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या नोकरीची पेन्शन हवालदार म्हणून मिळालेली आहे. ती तशीच घेत राहण्याची मुभा असते, आणि डीएससीत नियमाप्रमाणे पंधरा वर्षे भरली तर त्या नोकरीची दुसरी पेन्शन निराळी. म्हणजे बाहीवरच्या तीन फिती उतरतात. पेन्शनच्या कागदावरच्या उतरत नाहीत.

आबा काही बोलले नाहीत. बोलली ती सून. ती इतका वेळ दाराशी उभी होती. म्हणाली, "भाऊजी, चोवीस वर्सं त्या फिती मीच टाचल्यात. त्या कुठं ऱ्हात्यात ते मला ठावं हाय. ह्यांनी जावं."

तो गेला. कण्णूरहून त्याची पोस्टिंग एका डेपोवर झाली. पहिल्या सुटीत भेटला तेव्हा मी मुद्दाम विचारले. हसून म्हणाला, "पयल्या दिवशी माझ्यापरीस आठ वर्सांनी ल्हान नाईक समोर आला. फाटकावर कडक सावधान झालो, पण गळा दाटला. चवथ्या दिवशी त्योच नाईक रात्री माझ्याकडं आला, अन् म्हणला, हवालदारसाब, ह्यो ड्यूटीचा तक्ता जरा बघता का? मग पुढं काय वाटलं न्हाई."

हुद्दा शिपायाचा, पण तक्ता हवालदारच लावीत होता. यात जितके समाधान आहे तितकाच अन्यायही आहे, हे मी नाकारीत नाही. चोवीस वर्षांचा अनुभव सरकार शिपायाच्या भावात विकत घेते, असेही कोणी म्हणू शकेल. शिवाय निवृत्त होऊन बँकेत, कचेरीत किंवा कारखान्यात लागणाऱ्या सुभेदारांची स्थिती याहून कठीण. माजी सैनिकांसाठी महाराष्ट्र शासनाच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या नोकऱ्यांत १५ टक्के जागा राखीव आहेत. पण तिथे पाऊल टाकताना सुभेदारकी कामाला येत नाही. शंभर माणसांची हजेरी घेतलेला माणूस पंचविशीतल्या साहेबापुढे हजेरीपटावर सही करतो. दिवसभर हे सोसून तो घरी येतो तेव्हा घरच्यांनी तरी त्याला 'आता तुम्ही काही सुभेदार नाही' असे ऐकवू नये, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

इतिहासात या दुःखाचा सर्वांत मोठा धनी कोण असेल, तर नेताजी पालकर. स्वराज्याचा सरनोबत. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्याच्या मोहिमेत तो वेळेवर पोहोचला नाही म्हणून महाराजांनी त्याला दूर केले. तो आधी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे गेला. मोगलांनी त्याला पंचहजारी मनसब दिली, मोठ्या मानाची. पण पुढे कैद झाली, धर्म बदलला, नाव मुहम्मद कुली खान झाले, आणि काबूलच्या दिशेला चाकरी नशिबी आली. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, तो परत आला. महाराजांनी त्याला शुद्ध करून जवळ घेतले. पण सरनोबती? ती मधल्या काळात प्रतापराव गुजरांकडे गेली होती. त्यांनी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत देह ठेवला. आणि नेताजी आला तेव्हा आमच्या या भागातल्या तळबीडचे हंबीरराव मोहिते सरनोबत होते. तेच राहिले. महाराजांनी माणूस परत घेतला, पद परत दिले नाही. हंबीररावांचा काय अपराध होता, की त्यांनी ते खाली ठेवावे? रांगेचा न्याय तेव्हाही होता.

पण दुसरीही बाजू आहे. काही माणसे आपण होऊन खालच्या पायरीवर उतरतात, कारण त्यांना निराळ्या जिन्याने वर जायचे असते. भूदल, नौदल, हवाई दल या तिन्हींतल्या होतकरू जवानांना अधिकारी करणारे आर्मी कॅडेट कॉलेज १९७७ पर्यंत आपल्या पुण्यातच होते. आता ते डेहराडूनला आहे. इथे आलेला नायक असो वा हवालदार, तो पुन्हा विद्यार्थी होतो. तीन वर्षे पदवीचा अभ्यास, मग एक वर्ष अकादमी, आणि मग खांद्यावर लेफ्टनंटचे तारे. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनियर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. १९४७ च्या डिसेंबरात ते सेकंड लेफ्टनंट झाले. म्हणजे शिपायांच्या शिडीवर सात वर्षे चढून अधिकाऱ्यांच्या शिडीच्या तळाशी पुन्हा उभे राहिले. चारच महिन्यांनी, १९४८ च्या एप्रिलात, नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करीत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवले.

आणि साताऱ्याच्या स्वाती महाडिक. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक हे एकविसाव्या पॅराचे. राष्ट्रीय रायफल्सच्या एक्केचाळिसाव्या पलटणीचे नेतृत्व करीत असताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले. दोन लहान मुलांची ही आई चेन्नईच्या अकादमीत गेली आणि २०१७ च्या सप्टेंबरात लेफ्टनंट होऊन बाहेर पडली. नेमणूक ऑर्डनन्स शाखेत. काल ज्यांना सारी छावणी कर्नलच्या पत्नी म्हणून मान देत होती, त्या आज अधिकाऱ्यांच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या. पतीचा हुद्दा त्यांना वारशाने मिळाला नाही, मिळणार नव्हता, आणि त्यांनी तो मागितलाही नाही.

हे सारे आज लिहावेसे वाटले, कारण माझ्या वर्गातली मुले. पहाटे रस्त्यावर धावणारी, दुपारी पेंगणारी. जून २०२२ पासून शिपाई म्हणून भरती अग्निपथ योजनेत होते. चार वर्षांची मुदत. 'अग्निवीर' हा बाकी साऱ्या हुद्द्यांहून वेगळा हुद्दा. आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम नोकरीत. उरलेल्यांना निमलष्करी दलांत राखीव जागा आहेत. पण नवे दल म्हणजे नवी रांग. म्हणजे जो प्रश्न आमच्या हवालदाराला पंचेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पडला, तो या मुलांना बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पडणार आहे. आणि त्या वयात ना पेन्शनचा आधार, ना फिती टाचणारी कोणी घरात.

म्हणून आई-बापांना माझे सांगणे एवढेच, की मुलगा एक दार सोडून दुसरीकडे निघाला तर 'हुद्दा राहील का?' एवढ्यावर थांबू नका. आणखी चार प्रश्न विचारा. पगार कोणत्या पायरीवर धरणार? मागची नोकरी पेन्शनीला मोजणार का? ज्येष्ठता कुठल्या तारखेपासून? आणि बढतीची वाट तिथे आहे का? ही चार उत्तरे लेखी घ्या. ती समाधानाची असतील, तर फीत उतरवताना हात कापू देऊ नका; ती समाधानाची नसतील, तर मोठ्या नावाच्या हुद्द्यालाही भुलू नका.

आमच्या गल्लीतल्या आबांनी आपल्यापुरता हा प्रश्न सोडवून टाकला आहे. परवा कोणी तरी नवखा पोस्टमन त्यांच्या मुलाच्या नावाचे पाकीट घेऊन गल्लीत चौकशी करीत होता. पाकिटावर शिपाई असे लिहिलेले. आबा ओट्यावरून म्हणाले, "हिकडं या. हवालदाराचं घर ह्येच."

पाकीट बरोबर पोहोचले.